दोन-तीन वर्षांचा वायदा

संशोधन केंद्रात बाई नेमकं काय करतात, हा प्रश्न त्यांच्या सासूबाईंनी फार पूर्वीच निकालात काढला होता. "आमची सून सरकारी मासे पाळते," असं त्या कोणालाही सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत काचेच्या टाक्यांच्या रांगा होत्या, त्यांत पट्ट्यापट्ट्यांचे इवलेसे मासे होते, आणि त्यांच्या अंगावर, आपल्या कानात आत ऐकू येण्यासाठी असतात तशाच केसाळ पेशी होत्या. आपल्या त्या पेशी एकदा मेल्या की मेल्या. माशाच्या पुन्हा उगवतात. त्या का उगवतात, एवढ्या एका 'का'पायी बाईंची निम्मी नोकरी सरली होती. उरलेली निम्मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मिळवण्यात. दिवा उडाला की मागणी, मागणीला मंजुरी, मंजुरीला दरपत्रकं. आणि दिवा येईस्तोवर ज्या माशांसाठी तो मागवला ते म्हातारे झालेले.

वर्षातून एकदा केंद्राची दारं लोकांसाठी उघडत. ज्यांच्या करावर हे चालतं त्यांनी येऊन बघावं, हा हेतू. त्या वर्षी निधी देणाऱ्या समितीतले एक गृहस्थही फिरायला येणार होते, आणि कुठला तरी एक विभाग गुंडाळणार अशी कुजबुज होती. संचालकांनी सकाळीच बजावलं, "रडगाणं कोणी गायचं नाही. लोकांच्या हातात काय पडणार, ते सांगा."

दुपारी बाईंच्या टेबलापाशी त्यांच्याच गल्लीतले टेलरमास्तर आले. सोबत त्यांची मुलगी होती. ती जन्मापासून बहिरी. तिनं टाकीच्या काचेला नाकच लावलं. बाईंनी माशांच्या पेशींची गोष्ट सांगितली तसे मास्तर हरखले.

"म्हणजे ताई, माणसाच्याही कानात हे उगवेल?"

"त्यासाठीच तर चाललंय सगळं."

"कधीपर्यंत?"

खरं उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. माहीत नाही. कदाचित कधीच नाही, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तर दोष कशाचा आहे हेच मला ठाऊक नाही. पण मास्तरांच्या मागे संचालक येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या शेजारी समितीचे गृहस्थ कान देऊन ऐकत होते.

"दोन-तीन वर्षांत बघा," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी मान डोलावली. विभाग वाचला.

पुढे काही महिन्यांनी बाई पडदे शिवायला टाकायला दुकानात गेल्या, तर मुलगी तिथंच चिंध्यांशी खेळत बसलेली. मास्तर कात्री ठेवून लगबगीनं उठले आणि खुर्ची पुसली.

"आज शाळा नाही हिला?" बाईंनी सहज विचारलं.

"काढली त्या शाळेतून. तिथं नुसतं हातवारे करायला शिकवतात. आता ऐकायलाच येणार म्हटल्यावर तो नाद कशाला लावायचा? सवय लागली की मग बोलायचा कंटाळा करेल, होय ना?"

आतल्या बाजूला त्यांची बायको बटणं लावत होती. तिनं मान वर केली नाही. "मी नको म्हणत होते," ती एवढंच बोलली. "पण तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर आमचं कोण ऐकतंय?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. बाईंनी पडद्यांची मापं सांगितली, बरं येते म्हणाल्या आणि पाय उचलला. दुकानाबाहेर आल्यावर त्यांना स्वतःचीच अशी किळस आली की चालता चालता त्या मोठ्यानं "शी!" म्हणाल्या, आणि शेजारून जाणारा सायकलवाला दचकला.

मग त्या मागच्या रस्त्यानं येऊ लागल्या. केंद्रात टाक्यांसमोर उभं राहवेना. विभाग टिकला म्हणून सहकाऱ्यांनी चहा दिला, तो त्यांनी तसाच बेसिनमध्ये ओतला.

"मास्तरांनी गल्ली विकत घेतलीय का?" एके दिवशी सासूबाईंनी विचारलं. "वळसा घालून का येतेस?"

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला सांगून काय होणार? त्यांना सांग जा."

"काय तोंडानं सांगू?"

"आहे त्याच."

बाई गेल्या. मास्तर मशीनवर होते. बाईंनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानंच सांगितलं की दोन-तीन वर्षांत काहीही होणार नाही. आपण फक्त मासे बघतो. माणसाच्या कानापर्यंत कोणी पोहोचलेलं नाही. मुलीला शाळेत घाला.

मशीन थांबलं. मास्तरांनी सुईखालचं कापड हळूच सोडवलं.

"मग त्या दिवशी का म्हणालात?"

तुमचा चेहरा बघून नाही म्हणवेना, असं म्हणायचं बाईंनी घरून ठरवून आणलं होतं. ते ऐकायला बरं वाटलं असतं.

"तुमच्या मागे साहेब उभे होते," त्या म्हणाल्या. "माझा विभाग बंद पडणार होता. मी त्यांना ऐकवत होते. तुम्हाला नाही."

मास्तर भडकतील, चार शब्द सुनावतील, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर जड गेलं नसतं. त्यांनी सोडवलेलं कापड पुन्हा सुईखाली सरकवलं. त्यांची बायको उठून बाहेर आली. "पोरीचं शाळेचं वर्ष बुडालं," ती म्हणाली. "काल पाणी हवं होतं तिला, तर मला ओढत ओढत मडक्यापाशी नेलं. बाकीची मुलं वाक्यं करतात आता." मग ती बाईंकडे पाहून म्हणाली, "पडदे झालेत. घेऊन जा."

मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, मागच्या वर्गात, आपल्याहून लहान मुलांबरोबर. मास्तर अजून बाईंचे कपडे शिवतात. हात तोच, शिलाई तीच. फक्त काम झालं की "मॅडम, तयार आहे" एवढंच म्हणतात.

पुढच्या खेपेला केंद्राची दारं उघडली तेव्हा एका आजोबांनी कधीपर्यंत म्हणून विचारलं. "माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या हयातीत होईलच असं नाही." संचालकांच्या कपाळाला आठी पडली. आजोबा "असं का," म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. बाईंना हायसं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

परवा बसथांब्यावर मायलेकी उभ्या होत्या. दोघींचे हात भराभर चालले होते. आईनंही शिकून घेतलं होतं तर. मुलीचं बाईंकडे लक्ष गेलं, तिनं आईला हातानंच काहीतरी सांगितलं, आणि आई हसली. आपल्याबद्दलच होतं की दुसरंच काही, बाईंना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बस आली तेव्हा त्यांनी दोघींना आधी चढू दिलं आणि स्वतः मागून येणारी दुसरी बस धरली.