शिंपीणकाकूंचं माप

खाली दुकान, वर घर, आणि दोन्हीकडे शिंपीणकाकूंचा शब्द शेवटचा. दुसरीचा कपडा मापाला आणणारी बाई त्यांना चालायची नाही. "अंगावर माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही," असं तोंडावर सुनवायच्या. आणि हीच बाई घरात सुनेला आपल्याच मापाने मोजत होती, आता बोला.

पाळी जायच्या सुमाराला काकूंना उदासीचं दुखणं झालं होतं. अंथरुणातून उठवेना, घास गिळवेना, डोळ्यांची धार थांबेना. औषधाने बऱ्या झाल्या आणि तेव्हापासून या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज.

सून बाळंत झाली आणि काकूंचं डोकं फिरायची वेळ आली. ही पोरगी ना रडत होती, ना लोळत होती. नुसती भिंगरी. उकळलेल्या बाटल्या पुन्हा उकळायची. बाळ झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. जरा पड म्हटलं की अंगावर यायची.

"आई, डॉक्टरांना दाखवू या का?" लेकाने विचारलं.

"काय सांगणार? बाटल्या फार स्वच्छ ठेवते म्हणून? उदास माणसाला उठवत नाही रे. मी भोगलंय. हिची नसती थेरं आहेत."

लेक मान डोलावून कामाला निघून गेला. त्याचं नेहमीचंच.

एका दुपारी काकू अस्तर कापत असताना सून एकटीच खाली आली. बाळ शेजारच्या वहिनींकडे ठेवलं होतं. तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या काकूंपुढे ठेवल्या.

"आई, या कुलपात ठेवा."

"आता हे काय नवीन?"

"बाळाजवळ गेले की डोक्यात भलतंसलतं येतं. मला तसं काही करायचं नाहीये हो, पण येतं. सांगितलं तर बाळ काढून घ्याल म्हणून बोलले नाही. मी रडत नाही म्हणून मला काही झालेलं नाही म्हणता. मग हे काय आहे, तुम्हीच सांगा."

काकूंनी चिडायला तोंड उघडलं, पण चिडायचं कुणावर? संताप आला तो स्वतःचाच. त्यांनी शटर ओढलं, वहिनींकडून बाळाला घेतलं आणि सुनेचा हात धरून सरळ दवाखाना गाठला.

"मला तेव्हा ना..." डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि जीभ चावली. "माझं राहू द्या. हिला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नैराश्य प्रत्येकीचं सारखं नसतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात पुष्कळ जणी रडण्यापेक्षा धास्तावतात, चिडतात, झोप उडते. नको ते विचार येतात आणि त्यांनाच त्या घाबरतात. यावर उपचार आहेत. लगेच आलात ते बरं केलंत. सध्या मात्र हिला एकटं ठेवू नका, आणि झोपू द्या."

सुनेने खाली मान घालून विचारलं, "आणि बाळ?"

डॉक्टरीणबाई बोलायच्या आत काकूंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. स्वतःची खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली.

"धर तुझं लेकरू. मी इथेच बसलेय."