मामीने गुंडाळलेली कॉइल

माझी मामी मोटार वाइंडिंगच्या कारखान्यात होती. जळालेला पंखा, पंप, काहीही तिच्या टेबलावर यायचं. जळकी तार काढून ती नवी गुंडाळायची. घरात मात्र कौतुक सगळं मामाचं, कारण मामा ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याच्या झाडून सगळ्या कार्यक्रमांना मामी पहिल्या रांगेत असे. मामाने तिच्या कारखान्याचा उंबरठाही कधी ओलांडला नव्हता.

आता मामाची बोटं वळत नाहीत, म्हणून गिटार विकायला काढली. जाहिरात मी टाकली होती, तेव्हा गिऱ्हाईक येताना हजर राहणं माझं कर्तव्यच. खरं सांगायचं तर मला नाही तिथे नाक खुपसायची सवय आहे. आला तो दातांचा डॉक्टर. जुन्या गिटारी जमवायचा त्याला नाद. टॉर्च काढून तो गिटारीच्या फटीफटीत असा डोकावला, की मला वाटलं, आता हा तिला चूळ भरायला सांगणार.

मग त्याने वाजवून पाहिली आणि थबकला. या बनावटीच्या गिटारीचा आवाज इतका जाड नसतो, म्हणाला. मामाची कळी खुलली. तीस वर्षांपूर्वी तो काविळीने महिनाभर इस्पितळात होता. परत येऊन वाजवली तर आवाज पालटलेला. विश्रांतीने गिटार मुरली, असं त्याचं म्हणणं. हा किस्सा आमच्या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे.

डॉक्टरने एवढंच विचारलं, की ही कधी उघडली होती का? आतलं सगळं मूळचं असेल तर तुमच्या शब्दावर मागाल ती किंमत देतो. कोणी स्क्रूसुद्धा हलवलेला नाही, मामा छातीवर हात ठेवून म्हणाला.

आत मामी कप विसळत होती. नळ बंद झाला. हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली, आणि तिचा चेहरा बघून कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलं.

"मी उघडली होती," ती म्हणाली. "तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा. तारांखाली आवाज पकडणारी कॉइल असते, ती कशी असते ते बघायचं होतं. स्क्रूड्रायव्हर घसरला नि तुटली."

कॉइलची तार केसाहून बारीक. तशी तार तिने एका मोडक्या मीटरमधून काढली आणि चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून हाताने गुंडाळली. वेढे किती घालायचे ते माहीत नव्हतं, म्हणून जागा भरेपर्यंत घातले. वेढे जास्त पडले, तरीच आवाज जाड, डॉक्टर पुटपुटला.

सांगितलं का नाहीस, असं मामाने विचारलं.

"तुम्ही इतके खूश होतात," मामी म्हणाली. "मग राहूनच गेलं."

डॉक्टरने किंमत उतरवली. मामाने घासाघीस न करता मान्य केली. अट एकच, ती कॉइल घरात राहील. मग डॉक्टरांची गिटार वाजणार कशी, मामीने विचारलं.

"तू दुसरी गुंडाळ," मामा म्हणाला. "मला बघायचंय."

रविवारी मामीने जेवणाच्या टेबलावर दिवा ओढला, भिंग लावलं. मामा समोर स्टूल घेऊन बसला आणि सारखा विचारत राहिला: ताणतेस किती, तुटत कशी नाही, मोजतेस कधी. शेवटी मामीने बजावलं, हात मागे घ्या आणि श्वास जरा हळू सोडा, तार हलते. मामाने निमूटपणे हात पाठीमागे बांधले.