ढगाला गुळाचा खडा

मी मुळातच चौकस. नको तिथे नाक खुपसायची सवय, असं आई म्हणायची. त्या दुपारी मात्र नाकासकट सगळीच गेले असते.

मामा धरणाच्या काठाला राहतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की पंपाचा तराफा खोल पाण्यात सरकवावा लागतो. मी सातपूरहून सुट्टीला गेले होते, म्हटलं, मीही येते होडीत. पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घरी खुंटीवर. "ते पर्यटकांना," म्हणे मामा.

हवा अशी कोंदट की श्वास घ्यायचाही कंटाळा. समोर एक काळा ढग बराच खाली उतरला होता. बघता बघता त्याच्या पोटातून करडी सोंड निघाली आणि खाली पाण्यावर पांढरं रिंगण गरगरायला लागलं. अगं बाई! भुईवरच्या वावटळी ढिगानं पाहिल्या होत्या, पाण्यावरची पहिलीच.

मामानं हात जोडले. "ढग पाणी प्यायला आलाय. नुसतं पाणी देत नाय आपण कुणाला."

आजोळची रीतच ती. पाहुण्याला आधी गूळ, मग पाणी, ढगालाही तेच. मामानं डब्यातला खडा मांडीवर काढून ठेवला आणि होडी थेट तिकडे वल्हवायला घेतली. लांबून भिरकावायचा नाही म्हणे, फेकून कुणी पाहुणचार करतं का? मला तर जवळून बघायचंच होतं. मी आपली "चल, चल" करतेय.

सोंडेच्या बरोबर मागे, पलीकडच्या काठावर एक पांढरं देऊळ होतं. कारखान्यात मापं तपासायचं माझं काम, दोन गोष्टी एका रेषेत आल्या की नजर अडकतेच. सोंड देवळाच्या ना डावीकडे सरकत होती ना उजवीकडे. मी म्हटलं, "मामा, जरा वल्हं थांबव." थांबवलं. तरी सोंड देवळासमोरच, आणि आणखी जाड. ती एका जागी उभी नव्हती, सरळ आमच्यावर येत होती.

"फिरव होडी!"

"पाहुण्याला पाठ दाखवू?"

"पाठ नको दाखवूस, वाटेतनं बाजूला हो! आडवी घे, आडवी!"

माझा आवाज ऐकून असेल, पण त्यानं ऐकलं. सरळ पळालो असतो तर तिनं गाठलंच असतं. आडवे गेलो आणि काठ लागताच एका चरात पालथे पडलो. सोंड फूत्कारत मागून गेली. तराफा उचलून आपटला, होडी उलथली. मग ती दोरीएवढी बारीक झाली आणि विरून गेली.

संध्याकाळी मोबाइलवर वाचून मी मामाला मोठ्या हौसेनं सांगायला बसले. याला जलस्तंभ म्हणतात. दिसते ती सोंड म्हणजे ढगाचीच वाफ. तळाशी तुषार उडतात तेवढंच, धरणाचं पाणी काही तो ओढून घेत नाही.

"म्हंजे पाणी पीत नव्हताच तो?"

"छे! तहान कसली त्याला?"

मामा उठला. खुंटीवरचं लाइफ जॅकेट काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग बहिणीची एकुलती एक पोर मी कुणाच्या तोंडात घालायला निघालो होतो गं?"