हळू केलं की बंद

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आमच्या दाजींपेक्षा कडक पाळणारा माणूस कुठे असलाच, तर तो अजून पहिल्याच गोष्टीपाशी बसलेला असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. निपाणीजवळ नदीकाठी त्यांचं घर. डॉक्टरांनी एकदा मीठ कमी करा, चहा सोडा, रोज चाला असं सांगितलं. दाजींनी महिनाभर फक्त मीठ कमी केलं. "तिन्ही एकदम केलं तर गुण कशानं आला ते कळायचं कसं?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. आमटी बिघडली तरी फोडणी आणि मसाला एकाच दिवशी बदलायची आक्काला सोय नव्हती. ती म्हणायची, "माझं लगीन एकदम ठरलं म्हणून बरं. न्हायतर ह्यांनी आधी नुसती सासू बदलून बघितली असती."

त्यांच्या नावेच्या इंजिनाची गोष्ट मी लग्नाकार्यांत रंगवून सांगत आलो. बायकोपेक्षा इंजिनावर जास्त जीव असलेला माणूस, असं म्हणून पंगतीच्या पंगती हसवल्या. परवा त्यांच्या बाराव्याला एका भाच्यानं माझीच गोष्ट मला ऐकवली आणि मी हातातला घास ताटात ठेवला. कारण ती गोष्ट अर्धी आहे.

इंजिन जुनं, पूर ओसरल्यावर भंगारातून आणलेलं. नदीपलीकडच्या शेतात जायला दाजींनी ते नावेच्या मागे लावलं. पळायचं झकास, काठाजवळ हळू केलं की बंद. मग नाव वाहत जाऊन दगडांवर आदळायची. अशाच एका धडकेत आक्का पडली आणि तिचा गुडघा कामातून गेला. पलीकडचं शेत तिनं उभं आयुष्य स्वतःच्या हातानं केलेलं. पुलावरून जायचं तर शेवटी चिखलातली लांब पायवाट. "मी काय आता पलीकडं येत न्हाय," एवढंच ती म्हणाली. त्याच संध्याकाळी दाजींनी इंजिन उतरवून अंगणात आणलं. हे मी कधीच सांगितलं नाही. त्यानं कुणी हसत नाही.

गूळ करायची मोठी काईल त्यांनी काठोकाठ पाण्यानं भरली, तिच्या कडेला फळी बांधून इंजिन चढवलं आणि पेट्रोलची टाकी शेजारी स्टुलावर ठेवली. जोरात केलं की अंगणातल्या कोंबड्या न्हाऊन निघत. हळू केलं की इंजिन मांजरासारखं गुरगुरे. नदीत नेलं की पुन्हा बंद. प्लग बदलला, बंद. पेट्रोल बदललं, बंद. कार्बोरेटर धुतला, हवेचा स्क्रू फिरवला, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन खांद्यावर घेऊन नदीपर्यंत एक खेप.

"दाजी, सगळं एकदम बदला की. निकाल लागंल," मी म्हणालो.

"आणि परत बिघडलं तर? नदीत मधोमध तुला हाक मारू व्हय रं?"

शेवटी बदलायला काही उरलं नाही. दाजी काईलीशेजारी नुसते बसून राहिले. मग उठले, ते स्टूल उचललं, नावेत नेऊन बांधलं आणि टाकी त्यावर ठेवली. अंगणात टाकी वर होती, नावेत तळाशी. इंजिनाच्या दमलेल्या पंपाला हळू चालीत खालून पेट्रोल ओढवत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी आक्काला धरून नावेत बसवलं. तिनं डोळे मिटून कड घट्ट पकडली. पलीकडच्या काठाजवळ दाजींनी हळू केलं. इंजिन टुकटुकत राहिलं आणि नाव सरकत जाऊन चिखलाला टेकली.

"आलं?" आक्कानं डोळे न उघडता विचारलं.

"कवाच," दाजी म्हणाले.

ती काठी टेकत भुईमुगाच्या ओळींत शिरली. दाजी नावेतच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून.

"आता तरी बंद करा की."

"ऱ्हाऊ दे. आवाज येतोय तोवर ती घाई करायची न्हाय."

आक्का एकेक रोप वाकून बघत पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली. एकदाही तिनं मागे वळून पाहिलं नाही.