मुलग्यांचे दार, मुलींचे दार

ओल्या विटांना एक मंद, मातकट गंध असतो. हॅम्बर्गच्या पावसाळी सकाळी तो आमच्या घरभर दरवळतो. घर कसले, वर्गच तो. शहराच्या जुन्या शाळेत घरे काढली आणि दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग आम्हा नवराबायकोच्या वाट्याला आला. भव्य खिडक्या साऱ्या एकाच भिंतीला: लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये म्हणून प्रकाश डावीकडून यावा, ही कुणा अनाम वास्तुकाराची माया. युद्धात वरचा मजला जळाला, पुन्हा बांधला. तिथल्या विटांची लाली अजून कोवळी आहे.

इमारतीला दारे दोन. एकावर दगडात कोरलेले ‘मुलगे’, दुसऱ्यावर ‘मुली’. ज्या देशात रिकामी बाटली कधी टाकावी यालाही नियम, तिथे दगडात कोरलेला नियम केवढा कडक असेल? मी मेधाला भाजीच्या पिशव्यांसह पलीकडच्या दाराने पाठवी आणि स्वतः इकडून चढे. महिनाभराने तळमजल्यावरच्या फ्राउ पेटरसन, याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी, मला अंगणात गाठून म्हणाल्या, “काय हो, तुमचं भांडण झालंय का? बायको रोज वेगळ्या जिन्याने जाते.” मी नियम सांगितला. त्या भिंतीला टेकून हसल्या. “अहो, तो माझ्या लहानपणीच मोडला होता.”

मेधा मात्र हसली नाही. “असू दे रे, मला तोच जिना आवडतो.” त्या जिन्याच्या पायऱ्या बुटक्या, मधोमध झिजलेल्या, भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दप्तरांच्या खुंट्या. पुण्यातला पहिलीचा वर्ग सोडून ती माझ्यामागे आली होती. रिकाम्या खुंट्यांवरून बोटे फिरवत वर येई, हे मला तेव्हा कळले. “शाळेतच आणून ठेवलंय तुला, आणखी काय हवं?” मी विनोद केला. “गलका,” ती म्हणाली.

एका कामासाठी इतक्या प्रेमाने घडवलेली वास्तू त्या कामावाचून कशी जगत असेल? आणि माणूस?

जूनच्या तोंडावर तिच्या जुन्या शाळेने तिला बोलावले. माझा इथला करार अजून बाकी होता. “जा,” मी म्हणालो. “इतक्या पटकन?” तिने विचारले, आणि बॅग भरायला घेतली.

आता सकाळी कॉफी घेऊन मी फोन लावतो. तिकडे मधली सुट्टी. कुणाचा डबा सांडलेला, “बाई, हा बघा ना”, आणि मेधाचा खुललेला स्वर. परत कधी येणार, एवढेच मला विचारायचे असते. तेवढ्यात तिकडे घंटा होते. “ठेवते रे,” ती म्हणते. ती घंटा मात्र क्षणभर या वर्गात घुमते. आणि मी, उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा, कप खाली ठेवून सरळ उभा राहतो.