पुढून बंद होणारा पट्टा

सासरे विहिरीच्या पायरीवर घसरले तेव्हा मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. कळशी गडगडल्याचा आवाज आला म्हणून धावले. ते पायरीवर बसलेले, दोन्ही हात जांभ्याच्या दगडावर टेकलेले. पडल्यासारखे दिसतच नव्हते. दमून टेकलेत असं वाटावं, इतके सरळ बसले होते.

"काय झाला, बाबा?"

"काय नाय गो. चमक भरली."

मी हात पुढे केला नाही. त्यांनीही मागितला नाही. भिंतीला धरून ते उठले आणि घरात गेले.

आमचं घर दोडामार्ग तालुक्यात. मागे काजू, खाली ओहोळाकडे केळी. नवरा गोव्यात एका कारखान्यात कामाला. उजाडायच्या आत कंपनीची बस फाट्यावर येते आणि दिवेलागणीला त्याला परत सोडते. सासूबाई गेल्यापासून दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आमच्यात वाकडं काही नव्हतं, पण बोलणं बेताचं. जेवण वाढलं की मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगायचे, ते खाकरून आत यायचे. मला काही सांगायचं असेल तर ते माझ्याकडे न बघता, अंगणाकडे तोंड करून सांगत. माझं माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं. तिथे माणसं समोरासमोर बसूनही ओरडून बोलतात. लग्नानंतर या घरातली शांतता सुरुवातीला अंगावर यायची. पुढे तीच सोयीची वाटू लागली.

एक-दोन दिवस बाबांनी कंबरेला पंचा आवळून काढले. मग एका सकाळी त्यांना खाटेवरून उठताच येईना. नवऱ्याने रजा टाकली. शेजाऱ्यांच्या गाडीत मागे गादी घालून आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. एकावर एक डबे रचावेत तसे मणके, त्यातला एक पुढच्या बाजूने चेपलेला.

"हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनची गरज नाही. औषधं देतो, विश्रांती घ्या. पुढे अजिबात वाकायचं नाही. आणि पाठीला आधार लागेल. दुकानात मिळतो तो कमरेचा पट्टा नको, मोडलेला मणका त्याच्या वर आहे. छातीपासून खालपर्यंत धरणारा हवा."

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. पट्टा आडवं असतानाच बांधायचा आणि मग कुशीवरून उठायचं. सोडायचाही आडवं झाल्यावर. बसल्या-बसल्या किंवा उभ्याने नाही.

नर्सने माझ्या हातात टेप दिली. छाती, कंबर, ओटीपोट अशी तीन मापं घ्यायची होती. नवरा तेव्हा औषधं आणायला गेला होता. बाबांनी टेप पाहिली आणि छताकडे बघत म्हणाले, "झिलाक येवंदे. माप तो घेतलो."

मुलाने येऊन माप घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. नवरा आला आणि त्याने ते घेतलं. पण कसं, तर सदऱ्यावरून आणि वर घातलेल्या चादरीसकट. वडिलांच्या अंगाला हात लावायची त्यालाही सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो म्हापशाला उतरला आणि त्या मापाचा आधार घेऊन आला. मागे दोन उभ्या लोखंडी पट्ट्या, खांद्यांवरून येऊन बगलेखालून मागे जाणारे बंद, पोटावर रुंद कापड. पेटीतून काढून खाटेवर ठेवला तेव्हा बाबांनी बोटाने एक पट्टी चाचपून पाहिली.

"ह्या कोणी बांधूचा रोज?"

"मी बांधीन की सकाळी," नवरा म्हणाला.

त्याने बांधला, अंधारातच, बस गाठायच्या घाईत. तो गेल्यावर बाबा कुशीवरून उठले, ओटीवर खुर्चीत बसले. पट्ट्या पाठीपासून सुटलेल्या होत्या आणि बंद बगलेत घट्ट. हे मला दिसत होतं. मी चहा नेऊन ठेवला, जेवण वाढलं. त्यांनी नेहमीच्या निम्मंही खाल्लं नाही. दुपारी ते आत जाऊन आडवे झाले. पट्टा सोडायला हाक येईल म्हणून मी दाराशी तांदूळ निवडत बसले. हाक आली नाही.

संध्याकाळी नवऱ्याने बंद सोडले तर दोन्ही बगला सोलवटलेल्या.

"तू सोडायचास ना!" तो स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला.

"त्यांनी हाक मारली नाही."

"हाक कशाला हवी? जाऊन विचारायचं."

"आणि ते नको म्हणाले असते, मग?"

ते नको म्हणाले असते हे त्याला माहीत होतं. सासऱ्याच्या उघड्या अंगाशी सुनेने जाणं या घरात कधी झालं नव्हतं. आजाराने एवढं बदलायला हवं, असं बाहेरच्याला सहज म्हणता येईल. आम्हाला ते येत नव्हतं. घरी येऊन हे करणारा एखादा माणूस मिळतो का, याची नवऱ्याने वाडीत चौकशी केली. जे जमण्यासारखे होते ते सगळे गोव्याला कामाला जात होते.

मी डॉक्टरांना फोन केला. विचारलं, माणसाला आपलं आपण बांधता येईल असं काही असतं का? ते म्हणाले, पुढून चौकट असलेला एक प्रकार येतो. छातीवर एक गादी, खाली ओटीपोटावर एक, आणि पाठीमागे फक्त एक पट्टा. बाबांच्या मणक्याला तोही चालेल. "पण माप नीट घ्या. कपड्यावरून नको."

या वेळी माप मी घेतलं असं म्हणायला हरकत नाही. टेप नवऱ्याच्या हातात होती आणि मी दाराबाहेर पाठमोरी उभी. "जरा खाली. बरगड्या संपतात तिथे. आवळू नको, नुसती टेकव." तो आकडे सांगत होता, मी ते मोबाइलमध्ये टिपत होते. मध्येच बाबा म्हणाले, "तिका सगळा म्हायत आसा, तर तूच कित्याक घेतस?" चेष्टा होती की तक्रार, ते मला कळलं नाही.

पहिला आधार परत करायला घेऊन मी एकटीच एसटीने म्हापशाला गेले. दुकानात साधारण माझ्याच वयाची बाई होती. तिने सगळं नीट ऐकलं, पण आधी पुढे केला तो लवचिक कापडाचा कमरपट्टा. "म्हाताऱ्या माणसांना हाच मऊ वाटतो, बहुतेक जण हाच नेतात." मी डॉक्टरांचं सांगितलं. मग तिने खांद्यांच्या बंदांचाच, पण लहान मापाचा काढला. तो पाठीला बसला असता, पण बंद मागेच गेले असते. शेवटी तिने ती पुढची चौकट आणली. हलकी होती. एका बाजूला खटका, तो दाबला की पट्टा ताणून बंद व्हायचा.

"बांधणार कोण आहे घरी?" तिने विचारलं.

"ते स्वतःच."

"जमेल त्यांना?"

हेच मला माहीत नव्हतं. दुकानाच्या आतल्या बाजूला तपासणीचं एक बाकडं होतं. मी विचारलं, मी झोपून बघू का? ती जरा हसली आणि तिने मधला पडदा ओढला. मी ड्रेसवरूनच चौकट छातीवर ठेवली, एका कुशीवर झाले, पाठीखालून पट्टा सरकवायचा प्रयत्न केला. पट्टा पिळला. परत केलं. तिसऱ्यांदा तो आला आणि मी खटका लावला. लागल्याबरोबर छाती मागे ओढली गेली, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला पुढे वाकताच येत नाही. उठून बसले तर दृष्टी आपोआप समोर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पायातल्या चपला शोधायलाही मला पाय चाचपावा लागला. बाबांच्या चपलाही कोणाला तरी पुढे ठेवाव्या लागतील, हे मला तिथे बसल्यावर समजलं.

"हाच द्या," मी म्हटलं.

घरी आणून मी तो कसा घालायचा हे त्यांच्या खोलीच्या दारातून दाखवलं, माझ्या अंगावर धरून. त्यांनी नीट बघितलं. "माझो मी बांधतलंय," म्हणाले आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. खाट करकरली, खटक्याचा आवाज आला, मग तो सुटल्याचा. पुन्हा खाट, पुन्हा खटका. मग हाक आली.

"गो, जरा हंय ये."

मी आत गेले. बनियनवर चौकट तिरकी बसली होती. पट्टा पाठीखाली अडकलेला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"खटको लावूक जमता माका. पाठीखालसून पट्टो ओढूक जमना नाय."

"कुशीर व्हा, बाबा."

मी एक हात त्यांच्या खांद्याला, एक कमरेला लावला आणि त्यांना वळवलं. माणूस अपेक्षेपेक्षा हलका लागला. पट्टा सरळ केला, पलीकडे काढला, त्यांना परत उताणं केलं आणि टोक त्यांच्या हातात दिलं. खटका त्यांनीच लावला. मग डोळे उघडले.

पुढे रोज तसंच झालं. पाठीकडचं मी करायचे, खटका त्यांचा. मी तो कधी लावला नाही आणि त्यांनी कधी लावायला सांगितला नाही. डोळे मात्र ते काही दिवसांनी मिटेनासे झाले. वळवता-वळवता एखादं वाक्य बोलत. केळीला टेकू दिले काय, माकडं आली होती काय. एकदा म्हणाले, "तुझी सासू आसती तर तिका ह्या जमला नसता. ती हसत सुटली असती." सासूबाईंविषयी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

मणका जुळला. डॉक्टरांनी नवा फोटो पाहून सांगितलं की आता पट्टा हळूहळू सोडायचा, नाहीतर पाठीचे स्नायू आळशी होतील. बाबांनी मान हलवली आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर चौकट घेऊन मला हाक मारली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नवरा त्यांच्यावर चिडला. त्याचा उपयोग झाला नाही.

मग एका सकाळी हाक आल्यावर मी आत गेले, पण पट्टा हातात घेतला नाही.

"बाबा, दुखता काय अजून?"

"नाय."

"मग कित्याक?"

ते अंगणाकडे बघायला लागले. खाटेवरून अंगण दिसत नाही, तरी त्याच बाजूला. "सोडूक भीती वाटता गो. मदीच मोडतलंय, असा वाटता."

मी म्हटलं, तुळशीपर्यंत जाऊन येऊ, मी बरोबर येते, नाही जमलं तर बांधू. ते कुशीवर झाले, हात टेकून बसले, उभे राहिले. मी चपला पुढे ठेवल्या. आम्ही तुळशीपर्यंत गेलो आणि परत आलो. दुपारी त्यांनी पट्टा लावून घेतला. असं करत करत तो सुटला.

पाठीला थोडा बाक राहिला. डॉक्टर म्हणाले, तो राहणारच. बोलणं पुन्हा पहिल्यासारखं दारातून सुरू झालं. त्याचं मला थोडं नवल वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

काजूच्या हंगामात त्यांनी बागेत येऊ नये असं नवऱ्याने बजावलं होतं. ते आले. प्लास्टिकची खुर्ची मलाच न्यायला लावली. मी झाडांखाली पडलेले काजूचे बोंडू गोळा करून टोपलीने त्यांच्या पुढच्या घमेल्यात ओतत होते, घमेलं एका उंच दगडावर ठेवलेलं. ते बसल्या जागी एकेक बोंडू घेत, बी मुरडून वेगळी काढत आणि मला पलीकडची झाडं दाखवत, "थंय ऱ्हवले बघ. त्या कोपऱ्यात." मी त्या कोपऱ्यात जात होते.