बाजारात गेलेली लेक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांना सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दाजी एका जागी ठरतच नाहीत, त्यामुळे त्यांची पाठच जास्त दिसते. जेवताना दोन घास खाऊन उठतील, बागेचं कुंपण बघून येतील, परत पानावर बसतील, तोवर भाजी गार. ताई म्हणते, "मी संसार कुठला केला, जन्मभर शिवाशिवी खेळले."

मी सहलीची बस चालवतो. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की शहरातल्या लोकांना घरात बसवेनासं होतं आणि मला बरे दिवस येतात. सकाळी त्यांना टेकडीवरची जुनी हवेली दाखवायची आणि दुपारी दाजींची सफरचंदाची बाग. हवेलीत कुठल्याशा उमरावाचे पलंग आहेत, माणूस जाड दिसेल असे आरसे आहेत, आणि प्रत्येक खोलीच्या दारात पितळी खांबांना मखमली दोरी लावलेली आहे. बाग लोकांसाठी उघडायचं ठरलं तेव्हा मीच दाजींना एकदा तिथं घेऊन गेलो. ते बाकी काही बघून आले नाहीत, दोऱ्या तेवढ्या बघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या राहत्या घराच्या खोल्यांना गाईची दावी आडवी बांधली. म्हणाले, "नुसती फळं तोडून लोकांचं मन भरत नाही. घर दाखवलं की त्यांना आपण पाहुणे आहोत असं वाटतं."

यावरून भाची भडकली. ती त्यांची एकुलती एक. "मेलेल्यांच्या घराला दोऱ्या लावतात, बाबा. आपण अजून जिवंत आहोत."

दाजी उभ्या उभ्या म्हणाले, "ज्याला लाज वाटते त्यानं इथं राहू नये."

झालं. पोरगी त्याच आठवड्यात बॅग भरून निघून गेली. लग्न केल्याचं आईला फोनवर कळवलं, मुलगी झाल्याचंही फोनवरच. बापाचं नाव तिच्या तोंडी नाही, आणि तिचं बापाच्या. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही, अशी दोघांची जात. मधल्यामध्ये ताई वाळत चालली, आणि मला त्या दोघांचाही राग यायचा, अजूनही येतो.

तेव्हापासून दाजींच्या पायाची भिंगरी वाढली. काम नसलं तरी शिडी इकडची तिकडे नेऊन ठेवतील. लेकीच्या खोलीलाही दावं आहे, पण ते स्वतः कधी ओलांडत नाहीत. झाडलोट ताई करते. लोकांना घेऊन दाराशी आले की खोलीकडे पाठ करतात आणि सांगतात, "ही आमच्या मुलीची खोली. बाजारात गेलीय. येईल संध्याकाळपर्यंत." लोक मान डोलावतात आणि पुढे सरकतात. इतका लांबचा बाजार मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पण तसं बोलून दाखवायची माझी छाती नव्हती.

गेल्या हंगामात एका रविवारी बसमध्ये एक बाई चढली. डोक्याला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा, कडेवर छोटी पोर. तिकीट माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "मामा, ओरडू नकोस."

माझ्या हातातलं तिकीट खाली पडलं. "थांब, तुझ्या आईला फोन करतो."

"केलास तर इथंच उतरेन. मला फक्त बघायचंय. बघून तुझ्याच बसनं परत."

"काय बघायचंय?"

"माझी खोलीसुद्धा दाखवतात का रे लोकांना?"

मी गाडी सुरू केली. गाडी चालवायची असली की एक बरं असतं, उत्तर द्यावं लागत नाही.

त्या दिवशी हवेली संपता संपेना. सगळे आत आरसे बघत होते आणि मी बाहेर बसभोवती फेऱ्या मारत होतो. पुसलेली काच पुन्हा पुसली. फोन खिशातून काढला, परत ठेवला, परत काढला. सांगावं तर ही इथूनच जाणार. न सांगावं तर दाजी नेहमीची टेप लावणार, स्वतःची खोली दावं बांधून मांडलेली बघून हिचं डोकं फिरणार, आणि या वेळी ही जाईल ती कायमचीच. मग ताईला नातीचं तोंडही दिसायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. फिरून फिरून पाय दुखायला लागले तेव्हा लक्षात आलं की दाजींची भिंगरी आता माझ्या पायाला लागली आहे.

बागेत पोचलो तर दाजी फाटकाशी येरझारा घालतच होते. त्यांना लोकांकडे बघून बोलता येत नाही. हवेली दाखवणाऱ्या माणसासारखं डोक्यांच्या वरून बघत बोलायची त्यांनी सवय करून घेतली आहे, त्यामुळे गर्दीत कोण आहे ते त्यांना कळलं नाही. ताई पत्र्याच्या शेडमध्ये टोपल्या वाटत होती आणि तिच्यासमोर ही रांग. भाची टोपली न घेताच मागच्या मागे सटकली. झाडांमधली फेरी झाली, मग घर. स्वयंपाकघराशी लोकांनी ताईच्या कढईचे फोटो काढले. मी भाचीच्या मागेच होतो. ती चालत होती भरभर, श्वासही तसाच.

मग ती खोली आली. पलंगावर धुतलेली चादर, खुंटीला तिचा पिवळा स्वेटर, खिडकीत तिनंच आणलेलं निवडुंग. भाचीनं चष्मा काढला. दाजींनी नेहमीसारखी खोलीकडे पाठ केली.

"ही आमच्या मुलीची खोली. बाजारात गेलीय. येईल संध्याकाळपर्यंत."

भाचीनं माझा दंड धरला. तिची नखं लागली मला. आता ही वळणार आणि चालू पडणार, असं मी धरूनच चाललो.

तेवढ्यात एका चौकस गृहस्थांनी विचारलं, "इतका वेळ लागतो बाजाराला?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दाजी गडबडले. "गर्दी असते हो. लागतो वेळ."

मग माझ्याशेजारून आवाज आला. "लागलाच वेळ, बाबा. फार गर्दी होती."

दाजींची नजर लोकांच्या डोक्यांवरून खाली उतरली. चेहऱ्यांमधून फिरत आली आणि तिच्यावर थांबली. ते वळले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले. पण गाठ जुनी, घट्ट बसलेली, सुटेना. भाचीनं लेकीला खाली ठेवलं. पोर दाव्याखालून सरळ आत गेली आणि पलंगावर चढायला लागली.

"अहो, ती बघा आत गेली," चौकस गृहस्थ म्हणाले.

"जाऊ दे," दाजी म्हणाले. "घरचीच आहे."

एवढं म्हणून ते तिथंच उंबऱ्यावर बसले. गाठ तशीच राहिली. भाची त्यांच्याजवळ वाकली. तिला रडू येत होतं, तरी म्हणाली, "उठा बाबा. लोक थांबलेत."

आमचे भिंगरी नातीकडे बघत बसून राहिले.

"थांबू देत," ते म्हणाले.